ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्ह शेअर करताय? आधी एवढंच बघा

घाबरू नका, तासाभराचं काम आहे. सांबाला (नेटवर्कवर फाइली शेअर करणारा प्रोग्राम) हात लावण्याआधी डिस्क माउंट झाली का, म्हणजे राउटरच्या एखाद्या फोल्डरला जोडली गेली का, ते बघा. नवखे इथेच फसतात. मीही फसलो होतो: डिस्क माउंटच नव्हती, फाइली राउटरच्या चिमुकल्या फ्लॅशमध्ये (आतल्या मेमरीत) जाऊन बसल्या आणि तो पार भरला.

- ड्राइव्ह एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) मध्ये फॉरमॅट करा. आधी बॅकअप, सगळं पुसलं जातं.
- यूएसबी २.० पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलीअँपिअरच देतो. हार्डडिस्क टिकटिक करत राहिली तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.
- फ्लॅश १६ एमबीच असेल तर सांबा४ ऐवजी तेच काम करणारं हलकं केएसएमबीडी वापरा.

शेअर दिसतं पण फाइल टाकता येत नाही? फोल्डरच्या परवानग्या तपासा. आणि ४४५ पोर्ट (हे शेअरिंग ज्या वाटेने चालतं ती) इंटरनेटला उघडा करू नका, अजिबात नाही. वेग वाढवायचं नंतर बघू.