फंक्शन 'डिफाइन' करणे : व्याख्या की आणखी काही?

प्रश्न असा आहे : 'बूटलोडरच्या डिव्हाइस ड्रायव्हरसाठी फर्मवेअर इंटरफेसची फंक्शन्स डिफाइन करणे' या वाक्यातल्या 'डिफाइन करणे'ला 'व्याख्या करणे' म्हणावे का? (बूटलोडर म्हणजे संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणणारा प्रोग्राम, फर्मवेअर म्हणजे हार्डवेअरमध्येच साठवलेले मूळ सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर म्हणजे एखादे डिव्हाइस चालवणारा कोड.)

म्हणू नये. व्याख्या संज्ञेची असते. इथे कोणी संज्ञेचा अर्थ सांगत बसलेले नाही. शिवाय या एका क्रियापदात दोन वेगळी कामे दडली आहेत आणि ती बहुधा वेगवेगळी माणसे करतात.

यूईएफआय या पीसीच्या फर्मवेअरच्या मानकातला 'ब्लॉक आयओ प्रोटोकॉल' (डिस्कसारखी डिव्हाइस वाचण्या-लिहिण्याच्या फंक्शन्सचा संच) घ्या. त्यातल्या 'रीडब्लॉक्स' या फंक्शनला कोणते ५ पॅरामीटर द्यायचे, कोणत्या क्रमाने, वाचन फसले तर कोणता एरर कोड यायचा, हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेले आहे. हे झाले 'ठरवून देणे'. मग ड्रायव्हर करणारा त्या फंक्शनची बॉडी (आतला प्रत्यक्ष कोड) लिहितो आणि फंक्शनचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) प्रोटोकॉलच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवतो. हे सरळ 'लिहिणे'. ('अंमलबजावणी' नको, सरकारी आदेशाचा वास येतो.) गंमत म्हणजे सी भाषेत डेफिनिशन म्हणतात ती बॉडीसकट लिहिलेल्या फंक्शनला, नुसता प्रोटोटाइप (बॉडीशिवाय नाव आणि पॅरामीटर) दिला तर ते डिक्लरेशन. म्हणजे घोळ मूळ इंग्रजीतच आहे, आपण तो उसना कशाला घ्यायचा?

'फंक्शन' मात्र तसेच राहू द्यावे. यूईएफआयच्या आधीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे जुन्या बायोसमध्ये, प्रोसेसरच्या एएच रजिस्टरमध्ये ०२ भरून १३एच हा इंटरप्ट (बायोसला हाक मारणारी सूचना) दिला की डिस्कवरचे सेक्टर वाचले जात. तिथे फंक्शन म्हणजे क्रमांकाने मागवायची सेवा. ओपन फर्मवेअर या आणखी एका फर्मवेअर मानकात डिव्हाइसच्या अशाच सेवांना मेथड म्हणतात. 'कार्य' लिहिले तर यातले काहीच कळत नाही.

मला जास्त खटकतो तो 'बूटलोडरच्या'मधला 'च्या'. ड्रायव्हर बूटलोडरचा स्वतःचा, की फर्मवेअरमधला आणि बूटलोडर फक्त वापरतो तो? ग्रब या बूटलोडरमध्ये दोन्ही सोयी आहेत. पीसीवर एरवी तो फर्मवेअरमार्फत डिस्क वाचतो. 'नेटिव्हडिस्क' ही कमांड दिली की स्वतःचे ड्रायव्हर वापरू लागतो, आणि मग डिस्क वाचण्यापुरता फर्मवेअर इंटरफेसचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा काम नुसते 'ठरवून देण्या'चे असेल तर 'फर्मवेअरमार्फत डिव्हाइस वापरण्यासाठी बूटलोडरने कोणती फंक्शन्स कशी बोलवायची ते ठरवणे' असे लिहावे. बॉडीही तुम्हीच लिहिणार असाल, तर 'फंक्शन्स लिहिणे' एवढे पुरे.