‘कुणाला सांगणार नाही’ असे कबूल केल्यावर

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. पूर्वी दुसऱ्या बाकावर बसून सतत हात वर करणारा माझ्या वर्गातला एक मुलगा महिनाभरापासून शेवटच्या बाकावर बसतो, पहिल्या तासाला पेंगतो आणि खेळाच्या तासाला हमखास त्याचे पोट दुखते. मी एकटे गाठून विचारले, तेव्हा “कुणाला सांगणार नसाल तर सांगतो,” असे तो म्हणाला आणि मी शब्द दिला. वर्गातल्या काही मुलांनी मोबाइलवर गट करून त्याच्या फोटोंची टिंगल चालवली आहे. जाता जाता तो म्हणाला, “मी नसतोच तर बरं झालं असतं.” आता शब्द पाळावा की मोडावा?

उत्तर : आपले पत्र अंक निघेपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून आपल्याला त्याच दिवशी फोनवर उत्तर कळवले होते. हा पेच अनेक शिक्षकांपुढे येतो, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने देत आहे.

शब्द मोडावा, पण मुलाच्या पाठीमागे नव्हे. आधी त्यालाच सांगावे की, “मी घाईने कबूल केलं, ती माझी चूक झाली, तुझ्या जिवाची काळजी वाटते, म्हणून हे आणखी एका माणसाला सांगणं मला भाग आहे, आणि ते कुणाला व कसं सांगायचं हे आपण दोघं मिळून ठरवू.” मूल चिडेल, कदाचित काही दिवस बोलणारही नाही, तेवढे सोसावे लागते. यापुढे बोलणे सुरू होण्यापूर्वीच मर्यादा सांगून ठेवावी : तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कुणी इजा करत असेल, तर मी गप्प राहू शकणार नाही, बाकीचे ज्याला कळणे आवश्यक आहे त्याच्यापलीकडे जाणार नाही. एवढे ऐकूनही बहुतेक मुले बोलतात, कारण त्यांना गुपित जपणाऱ्यापेक्षा काहीतरी करू शकणारे मोठे माणूस हवे असते.

‘मी नसतोच तर’ हे वाक्य ऐकल्यावर विषय बदलू नये. “जीव द्यावा असं मनात येतं का?” हे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेली कल्पना शिरते, ही समजूत चुकीची आहे. उलट मोकळेपणाने विचारल्यास मुलाला हायसे वाटू शकते. उत्तर ‘हो’ आले किंवा नुसतेच गप्प राहणे आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि मुख्याध्यापक, समुपदेशक व पालक यांना त्याच दिवशी कळवावे. (त्रास घरातलाच असल्याचा संशय असेल, तर पालकांना कळवण्याआधी समुपदेशकांशी बोलावे.) त्याच्यावर उपचार करणे हे आपले काम नाही, त्याला योग्य माणसापर्यंत नेऊन पोचवणे आणि नंतरही त्याच्या नजरेसमोर राहणे, हे आहे.

आपण टिपलेल्या खुणांबद्दल थोडे. नुसत्या पेंगण्याला मी फार महत्त्व दिले नसते. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, झोप उशिरा येते, आणि १३ ते १८ या वयात तर ८ ते १० तास झोपेची गरज असते. त्यामुळे सकाळच्या पहिल्या तासाला निम्मा वर्ग अर्धवट झोपेत असतो. पण पेंगणे, बदललेला बाक आणि ठरावीक तासाचे पोटदुखणे एकत्र आले, तेव्हा ते आळसाचे लक्षण उरले नाही. ‘हल्ली उदास असतो’ असे न लिहिता ‘मंगळवारी दोन तासिका डोके बाकावर ठेवून होता’ असे तारखेसह लिहून ठेवावे, आणि त्याचे शब्द त्याच्याच भाषेत उतरवावेत. म्हणजे त्याला तीच हकिगत चार मोठ्यांपुढे चारदा सांगावी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर ७ मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. चाळिसांच्या वर्गात हे प्रमाण पाच-सहा मुलांचे होते. आपल्या वर्गातला हा मुलगा त्यांच्यापैकी आहे की नाही, हे तज्ज्ञ ठरवतील. पण इतरही कुणी असू शकते.

टिंगल करणाऱ्या मुलांबाबत दोन चुका सर्रास होतात. दुसऱ्याच दिवशी सगळ्या वर्गाला झापले, तर कुणी सांगितले हे मधल्या सुट्टीपर्यंत सर्वांना कळते. आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून हस्तांदोलन करायला लावले, तर त्रास झालेल्या मुलाची पुन्हा एकदा मानहानी होते. मजकुराची छायाचित्रे जपून ठेवावीत, संबंधित मुलांशी एकेकट्याने बोलावे आणि त्यांच्या पालकांना स्वतंत्रपणे बोलवावे.

प्रश्न : आमच्या शाळेत समुपदेशक आहेत, पण मुले त्यांच्याकडे फिरकत नाहीत. — एक मुख्याध्यापक

उत्तर : खोली कुठे आहे ते आधी पाहा. ती कार्यालयाला लागून असेल आणि तिथे मस्ती करणाऱ्यांनाच पाठवले जात असेल, तर मुलांच्या लेखी ती शिक्षेची जागा आहे. समुपदेशकांनी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गात एखादा साधा तास घ्यावा, म्हणजे चेहरा ओळखीचा होतो. भर वर्गात चिठ्ठी वाचून नाव पुकारणे तर आजच बंद करा. चिठ्ठीवर फक्त वेळ असावी आणि ती तपासलेल्या वहीत घालून परत द्यावी.