शिक्के मारणारी आई

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे, आवक-जावकच्या टेबलाला. वय ३६. बाबा याच ऑफिसात होते. नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मी अनुकंपावर लागले. तेव्हा माझं बी.एस्सी. बॉटनी झालं होतं, कोल्हापूरला एम.एस्सी.ला नंबर लागला होता. पण घरात आई आणि धाकटा भाऊ. पाच वर्षं यादीत थांबले, मराठी टायपिंग ३०चं सर्टिफिकेट काढलं, आणि आता नऊ वर्षं झाली. टपाल घ्यायचं, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, ज्या त्या टेबलाला पाठवायचं. मला कुणी नावाने हाकही मारत नाही, ‘ओ आवक-जावक’ म्हणतात.

मागच्या महिन्यात मुलाच्या वर्गात ‘माझी आई’ असा निबंध होता. त्याने लिहिलं, ‘माझी आई ऑफिसात शिक्के मारते.’ घरी सगळे हसले, मीही हसले. रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणतो, सरकारी नोकरी आहे, पाच दिवसांचा आठवडा आहे, लोक यासाठी जीव टाकतात. त्याचं खरंच आहे. तरी रविवारी संध्याकाळी माझ्या पोटात गोळा येतो. बाबांनी २६ वर्षं आनंदाने काढली, मला नऊ जड जातायत. बाबांची नोकरी सोडू का?

ता. क. रेकॉर्ड रूममध्ये बाबांच्या अक्षरातल्या टिपण्या अजून आहेत म्हणे. तिथलं काही लागलं तर मी शिपाईमामांना पाठवते.

•

अगं, तुला ‘तू’च म्हणते. माझी थोरली पुतणी तुझ्याच वयाची आहे. रविवारी संध्याकाळी तीही अशीच गप्प होते, आणि ती पुण्यात आयटीत चांगल्या पगारावर आहे. तेव्हा तो गोळा सरकारी की खासगी बघून येत नाही.

सोडू नकोस. या वर्षी तरी नाही. का, ते सांगते, पण आधी त्या निबंधाचं बघू.

पोराने खोटं काही लिहिलेलं नाही. शिक्का म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, आणि मला शंका आहे की नऊ वर्षांत तूही ते विसरत चालली आहेस. मी खिडकीच्या पलीकडे उभी राहिलेली बाई आहे, म्हणून मला विचार.

यजमान गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. कुठलं ते राहू दे. आवकला बसलेल्या गृहस्थांनी माझ्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का टेकवला आणि मान वर न करता कागद सरकवला. मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. चार महिन्यांनी चौकशीला गेले, तर उत्तर आलं, ‘असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही.’ मी तोऱ्यात पोच काढली. पॅड सुकलेलं असणार. गोल तेवढा उमटला होता, आतली तारीख नव्हतीच. आवक क्रमांकाच्या जागी पेनाची एक रेघ. टेबलामागच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, ‘ह्याच्यावर मी काय शोधू, सांगा?’ त्यांचंही चूक नव्हतं.

मग पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा सगळं. या खेपेला आवकला एक मुलगी होती. तिने शिक्का मारला, तो फिकट आला. तिने पॅडवर शाईचे दोन थेंब टाकले, बाटलीच्या बुचाने पसरवले आणि पहिल्या शिक्क्याशेजारी दुसरा मारला. नोंदवहीतला नंबर पेनाने लिहिला, खाली तारीख, खाली बारीक सही. मग म्हणाली, ‘काकू, ही प्रत घरीच ठेवा. इथे येताना झेरॉक्स आणत जा.’ दीड मिनिट लागलं असेल. तिचं नाव मी विचारलं नाही, त्याची अजून चुटपुट आहे. तो कागद मात्र कपाटात जपून ठेवलाय.

कायद्याच्या गोष्टी तुला माझ्याहून जास्त ठाऊक असणार, पण पोराला सांगता येतील म्हणून लिहिते. २००५च्या माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. न दिल्यास दिवसाला २५० रुपये, असा २५ हजारांपर्यंत दंड बसू शकतो. हे ३० दिवस मोजायचे ते अर्ज मिळाल्यापासून. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यातही अर्जाची पोच आणि तिच्यावरची तारीख हाच अर्जदाराच्या हातातला पुरावा. साहेबांच्या सहीला वजन आहे हे कबूल, पण साहेबांचं घड्याळ चालू होतं ते तुझ्या शिक्क्याने.

आणि हे काम कालपरवाचं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांचं जुनं दुखणं हेच की कित्येक पत्रांवर महिना-तारीख असते आणि वर्ष नसतं. लिहिणाऱ्याला वाटलं, वर्ष कोणतं ते सगळ्यांना माहीतच आहे! अशा वेळी पत्र पोचल्यावर कुणा कारकुनाने त्याच्यावर ‘पै॥’ लिहून, म्हणजे पैवस्ती करून, मिळाल्याची तारीख टाकलेली असली तर संशोधकाला केवढा आधार होतो. तो पेशव्यांचा आवक-जावक. त्याचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आता एवढ्यावर मी थांबले तर त्याचं प्रवचन होईल, आणि कामातच देव बघा म्हणणारे तुला घरीदारी पुष्कळ भेटत असतील. तुझं काम कंटाळवाणं आहे. दिवसाच्या टपालातलं निम्मं ‘माहितीस्तव’ असतं आणि ते कुणीही वाचत नाही, हे मला कळतं. कंटाळवाण्या कामाला कंटाळणं हा आजार नाही. माझ्या मते तुला खुपतंय ते निराळं आहे. कागद तुझ्यासमोर येतो, जातो, आणि पुढे त्याचं काय झालं ते तुला कळत नाही. गवंड्याला भिंत दिसते, शिक्षिकेला पोरं दिसतात, तुला रोज संध्याकाळी रिकामा ट्रे दिसतो.

पण तुझ्याकडे नुसती आवक नाही, जावकही आहे! हे पत्रात तू शंभर वेळा जोडून लिहिलंस आणि एकदाही सुटं करून पाहिलं नाहीस. अर्ज आत येतो तेव्हा तुझ्या हातून, आणि त्यावरचं पत्र किंवा आदेश बाहेर पडतो तेव्हाही तुझ्याच हातून. मधल्या टेबलांना आपापला तुकडा दिसतो. दोन्ही टोकं त्या ऑफिसात फक्त तुला दिसतात. म्हणून एक कर. जावकला आलेल्या पत्राचा ‘संदर्भ’ वाचायचा, त्यातल्या तारखेवरून आवक नोंदवहीची पानं मागे उलटायची आणि तो अर्ज कधी आला होता ते बघायचं. रोज नको. महिन्याला तीन. एखाद्याचं घरकुल, एखाद्याची विहीर, एखाद्या अंगणवाडीताईची रजा. छोट्या डायरीत दोन ओळी लिहायच्या: कोण, काय, किती दिवस लागले. त्यातला एखादा कागद गेलाच नसेल तर ज्या टेबलावर अडकलाय तिथे चहाच्या वेळी सहज विचारायचं. तीनच, बरं का. जास्त केलंस तर सगळ्या ऑफिसची मुकादम होशील आणि लोक तुला टाळायला लागतील.

‘ओ आवक-जावक’चं औषध सोपं आहे. हाक आली की उठायचं नाही. तिसऱ्या हाकेला हसून आपलं नाव सांगायचं. आठवडाभर अवघड वाटेल. आणि नऊ वर्षं एकाच टेबलावर? सहसा इतकी वर्षं कुणाला ठेवत नाहीत. तुला ठेवलं, कारण तू चोख काम करतेस आणि काही मागत नाहीस. गटविकास अधिकाऱ्यांकडे टेबल बदलून मिळण्याचा अर्ज दे. लेखी दे, आणि त्याची पोच घे. नोंद तुझीच तू करशील, ही जरा गंमतच!

आता जे लिहायला मी दोन दिवस लावले ते लिहिते. तुझं पत्र मी जरा कापून छापलंय. मूळ पत्रात ‘बाबांची नोकरी’, ‘बाबांची खुर्ची’, ‘बाबांच्या जागी’ असे शब्द सात वेळा आलेत. ‘माझी नोकरी’ एकदाही नाही. नऊ वर्षं तू दुसऱ्याची वस्तू सांभाळल्यासारखी ही नोकरी सांभाळते आहेस. चुकत असेन, पण मला विचारावंसं वाटतं, वेडंवाकडं असेल तर सोडून दे: या खुर्चीत बसून बरं वाटलं, तर बाबा गेले ते बरंच झालं असा त्याचा अर्थ होईल, असं काही तुझ्या मनात आहे का? अनुकंपावर लागलेल्या दोघा-तिघांनी आजवर मला जवळजवळ याच शब्दांत लिहिलंय. पहिला पगार हातात आला आणि तो परत करावासा वाटला, असं त्यातल्या एकाने लिहिलं होतं.

कर्ता माणूस गेल्यावर घर उघड्यावर पडू नये म्हणून ही सवलत आहे. ती घेतली म्हणून जन्मभर सुतकात बसावं, अशी अट कुठल्या शासन निर्णयात नाही. आणि तुला काही ताटात वाढून मिळालेलं नाही. पाच वर्षं यादीत वाट पाहिलीस, टायपिंग शिकलीस, आईला आणि भावाला सांभाळलंस. त्या खुर्चीची किंमत बाबांनी मोजली तशी तूही मोजली आहेस, एम.एस्सी.ची जागा सोडून.

‘बाबांनी आनंदाने काढली’ हे तुला कसं ठाऊक? मुलीला आठवतात ते संध्याकाळी घरी आलेले बाबा, हातात भाजीची पिशवी घेतलेले. सकाळी अकराला टेबलावर जांभई देणारे बाबा तू पाहिलेले नाहीस. त्यांच्याशी तुझी तुलना चालली आहे, पण त्यातले निम्मे बाबा तू मनाने रचलेले आहेत.

राहिली बॉटनी. ते तुझं दुःख खरं आहे आणि टेबल बदलून ते जायचं नाही. नोकरीने पोट भरावं, वेळेवर घरी सोडावं, जमलं तर थोडा मान द्यावा. आपल्या आतली सगळी भूक नोकरीनेच भागवावी ही अपेक्षा मला जरा महागडी वाटते. तू साताऱ्याच्या जवळपास राहतेस. कासचं पठार शहरापासून साधारण २५ किलोमीटर. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यात ते आहे. बाहेरगावचे लोक फोटो काढायला तिथे गर्दी करतात, आणि सीतेची आसवं हे नाजूक निळं-जांभळं फूल किडे खाणाऱ्या वनस्पतीचं आहे हे ज्या बाईला पाहताक्षणी कळेल, ती आवकला बसून उसासे टाकते! सप्टेंबरमध्ये एक किरकोळ रजा टाक आणि मधल्या वारी जा, शनिवार-रविवार नको. भिंग ने, वही ने. नवऱ्याला नेऊ नकोस, तो दोन तासांत जेवायचं काय म्हणून विचारेल. पुढच्या वर्षी पुन्हा जा. पुढे शिकायचंच असेल तर ऑफिसची परवानगी काढून बाहेरून काय करता येतं त्याची चौकशी कर, पण ते नंतर. आधी हात मातीला लागू दे.

हे सगळं वर्षभर करून पाहिलंस आणि तरी तो गोळा येत राहिला, तर मला पुन्हा लिही. मग सोडण्याचं बोलू, हिशेब मांडून. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

आणि ते ता. क. तू पत्राच्या अगदी तळाशी ढकललंस, म्हणून मी शेवटी घेतलं. ‘ड’ वर्गातले कागद वर्षभर ठेवतात, ‘क’मधले पाच-दहा वर्षं, ‘ब’मधले ३०, हे मी तुला काय सांगू. बाबांना जाऊन चौदा-पंधरा वर्षं झाली. त्यांच्या हातच्या ‘क’च्या फायली गेल्या असतील. ‘ब’च्या आहेत, पण जुन्या गठ्ठ्यांची पाळी दरवर्षी येत असेल. सोमवारी मामांना पाठवू नकोस, तू जा. मामा बाबांना ओळखत होते, त्यांना सोबत घे. एकच फाइल उघड. बाबांची टिपणी वाच, मग शेवटच्या पानावर जा आणि त्या कागदाला जावक क्रमांक पडलाय का बघ. पोराला सुट्टी असेल त्या दिवशी त्यालाही आण, आजोबांचं अक्षर त्याने पाहिलेलं नाही. तोंडाला रुमाल बांधा, धूळ फार असते.