दिवसभर उपास, रात्री चिवडा

‘मनावर ताबाच राहत नाही’ म्हणत कुणी आलं की मी आधी दुपारी काय जेवलात ते विचारते. कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेची गोष्ट (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वय चाळिशीचं. साखर बंद, भात बंद. सकाळी कोरा चहा, डब्यात काकडी आणि एक फुलका. संध्याकाळी रंकाळ्यावरून जाताना भेळेच्या गाड्यांकडे बघायचंसुद्धा नाही. आणि रात्री घर झोपलं की ओट्यापाशी उभ्याउभ्या चिवडा. झाकण वाजू नये म्हणून डबा ओढणीत धरून उघडायच्या. वर गुळाचा खडा, पुन्हा चिवडा, मग रडू.

“मॅडम, हे व्यसनच म्हणायचं का?”

मी म्हटलं, आधी ही भूक आहे का ते बघू. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती पोरं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, काहींनी चोरून खाल्लंही. युद्धात शस्त्र धरायला ठाम नकार देणारी माणसं होती ती. त्यांना मनानं कच्चं कोण म्हणेल?

दुपारी भाकरी-उसळ आणि थोडा भात, चारला मूठभर शेंगदाणे, एवढं ठरवायला आमची बरीच हुज्जत झाली. भातावर तर फारच. शनिवारी भेळ खायची, तीही बसून, अख्खी प्लेट, हे ऐकून त्या माझ्यावरच चिडल्या. रात्री इच्छा झाली तर पोटात खरंच भूक आहे का बघायचं. असेल तर ताटलीत वाढून, दिवा लावून खायचं. नसेल तर वीसेक मिनिटं दुसऱ्या कामात जाऊ द्यायची. बहुतेकदा ओढ आपोआप उतरते. पेपर तपासत बारापर्यंत जागणंही कमी करायला लावलं, कारण अपुऱ्या झोपेनं भूक चाळवते.

चिवडा लगेच थांबला नाही. फक्त डब्यातून ताटलीत आला. सुरुवातीला मला तेवढंच हवं होतं.

माती, खडू, पाटीची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटत असेल तर मात्र माझ्याकडे येण्याआधी हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या. वारंवार ताबा सुटून भरमसाट खाणं, नंतर मुद्दाम उलटी काढणं असं होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.