‘एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतल्या व्हिडिओ गेम्समध्ये निव्वळ अनुकरणाने माणूस देव कसा होतो?

या प्रक्रियेला ‘मँटलिंग’ म्हणतात. मर्त्य माणूस एखाद्या देवाची भूमिका इतकी तंतोतंत जगतो की त्या दोघांत भेद उरत नाही आणि ते देवपद त्याच्याकडे येते. सर्वांत स्पष्ट उदाहरण २००७ च्या ‘शिव्हरिंग आइल्स’ या ‘ऑब्लिव्हियन’ खेळाच्या विस्तारात आहे : वेडेपणाचा अधिपती शिओगोरॅथ आपल्या मूळ, म्हणजे सुव्यवस्थेचा अधिपती जिगॅलॅग या रूपात परतत असताना, त्याच्या राज्याची कामे पार पाडत आलेला क्वॅचचा नायक (खेळाडूचे पात्र) जिगॅलॅगला हरवून स्वतःच शिओगोरॅथ होतो. २०११ च्या ‘स्कायरिम’मधला शिओगोरॅथ त्या नायकाच्या काळातल्या आठवणी काढतो, म्हणून तो म्हणजे हा नायकच असावा, हे मला मनापासून पटते. ‘मॉरोविंड’ खेळातले ‘ट्रायब्यूनल’चे तिघे, म्हणजे देव झालेले तीन मर्त्य, मात्र यात बसत नाहीत, त्यांनी लोरखान या मृत देवाच्या हृदयातून शक्ती घेतली, कोणाची भूमिका जगली नाही.