लोरिस एवढा हळू का चालतो? तो आळशी असतो का, आणि रात्री पाहायचा कसा?

आळशी हा शब्द आधी काढून टाका. याच शब्दावरून माझं एका सोबत्याशी आजतागायत पटलेलं नाही.

आपल्या कोल्हापूरहून बंगळूर हायवेनं सरळ खाली गेलं की तुमकूर. तिकडं नागवल्लीच्या बाजूला करडा लोरिस आहे, म्हणजे माकडांचा लांबचा नातलग, रात्री झाडांवर फिरणारं छोटं जनावर. रात्री एका बाभळीवर दिसला. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलेला आणि टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरलेला. कमरेजवळून उजेड मारलात तर त्याच्या डोळ्यांची नारिंगी चमक आपल्यापर्यंत येतच नाही, जनावर समोर असून चुकतं.

वजन जेमतेम पावशेर, शेपूट नाही. एक हात सुटतो तेव्हा बाकीची पकड घट्ट असते. फांदी हलत नाही, पान वाजत नाही, म्हणून घुबडाला पत्ता लागत नाही आणि किड्यालाही. किड्याजवळ पोचला की मात्र हात असा झटकन पडतो की आपल्याला दिसत नाही. त्या रात्री तो तिथवर पोचलाच होता, एवढ्यात सोबत्यानं "झोपलंय हे" म्हणून फांदी हलवली. लोरिस जागीच गोठला. अर्धा तास तसाच. किडा गेला. "फांदी हलवल्यानं काय होतंय?" असं तो अजून विचारतो. हे होतं!

याला उडी मारता येत नाही. फांदीला फांदी टेकली नाही तर जमिनीवर उतरतो आणि तिथं गाडीखाली किंवा कुत्र्याच्या तोंडी सापडतो. म्हणून अशा भागात बांधावरची झाडं छाटताना शेजारच्या झाडाला टेकणारी एक तरी फांदी राखा. एकटं पिल्लू फांदीला धरून बसलेलं दिसलं तर उचलू नका. आई त्याला तिथं ठेवून किडे शोधायला जाते आणि परत येते. पाळायचा विचार असेल तर तो सोडा, १९७२च्या वन्यजीव कायद्यात हा पहिल्या अनुसूचीत आहे.

हे सगळं करड्या लोरिसचं सांगितलं. ईशान्येतला स्लो लोरिस वेगळा, त्याचा चावा विषारी असतो.

पाहायला जाल तेव्हा एका झाडापाशी पाच मिनिटांच्या वर थांबू नका. सोबतचा कोणी फांदीला हात घालू लागला तर टॉर्च बंद करा आणि त्याला घेऊन परत फिरा.