जुनी इलेक्ट्रिक गाडी : पैसे नेमके कुठे जातात?

आठ वर्षांची निसान लीफ बघतोय. चाललीय फारच कमी. विकणारा म्हणतो, 'जवळजवळ नवीच समजा.' समजू का?

समजू नका. पेट्रोल गाडीत कमी किलोमीटर ही जमेची बाजू असते, इथे तेवढ्याने भागत नाही. लिथियम-आयन बॅटरी चालवून झिजते तशी नुसती उभी राहूनही झिजते. त्यातून गाडी फुल चार्ज करून उन्हात महिनोन्‌महिने उभी ठेवली असेल, तर जास्तच. जुन्या लीफच्या बॅटरीला पाण्यावर चालणारी कूलिंग यंत्रणा नाही, त्यामुळे उष्ण हवामानात वापरलेल्या गाड्यांचे हाल अधिक झालेत.

डॅशबोर्डवरच्या रेंजवर जाऊ नका. मागचे काही किलोमीटर गाडी कशी चालवली यावरून बांधलेला तो अंदाज असतो. हळूहळू उतारावरून आणलेली गाडी छान आकडा दाखवते. लीफमध्ये बॅटरीच्या तब्येतीच्या बारा दांड्या असतात. त्यातली पहिली गायब होते तेव्हा सुमारे १५ टक्के क्षमता गेलेली असते. म्हणजे 'एकच दांडी गेलीय' हे वाक्य ऐकायला वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटात लावायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर एसओएच, म्हणजे बॅटरीची उरलेली क्षमता, टक्क्यांत वाचता येते. पण बॅटरीचा संगणक रीसेट करून काही दिवस सगळ्या दांड्या भरलेल्या दाखवण्याचे उद्योगही होतात.

म्हणून माझा भरवसा विजेच्या मीटरवर. गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवा, साध्या, फास्ट नसलेल्या चार्जरवर ९० टक्क्यांपर्यंत भरा आणि किती युनिट गेले ते बघा. समजा १६ गेले. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीत पोचले सुमारे १४. हे ८० टक्क्यांचे. पूर्ण क्षमता झाली साडेसतरा. २४ युनिटच्या जुन्या लीफमध्ये नवेपणी वापरता येणारी क्षमता २१-२२ युनिट होती. म्हणजे उरली ऐंशी टक्क्यांच्या आसपास. विकणारा एवढा वेळ गाडी द्यायला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

सकाळी गाडी सुरूच होईना. डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी! ब्रेक, स्टिअरिंग, मोटर, सगळ्याचे इशारे. आदल्या रात्री चार्ज तर ७० टक्के होता. गाडी चालवणारी मोठी बॅटरी गेली का?

बहुधा नाही. बॉनेट उघडा (काही गाड्यांत डिकी) आणि आधी १२ व्होल्टची साधी बॅटरी तपासा. गाडी बंद असताना मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या स्विचांनी पूर्ण तोडलेली असते. ते स्विच जोडायला आणि गाडीतले संगणक जागे करायला करंट लागतो तो या छोट्या बॅटरीचा. ती मान टाकते तेव्हा प्रत्येक संगणक अर्धवट जागा होऊन आपापली तक्रार नोंदवतो, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले इशारे एकदम दिसतात.

पेट्रोल गाडीत स्टार्टर रेंगाळायला लागला की माणूस सावध होतो. इथे स्टार्टरच नाही, त्यामुळे पूर्वसूचनाही नाही. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर बदलायच्या तयारीला लागा. नवी घालूनही पुन्हा तेच झालं, तर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तपासून घ्या. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ मध्ये याच कामाचं युनिट सदोष निघाल्याने २०२४ मध्ये रिकॉल झाला होता, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. आणि हो, तपासणीसाठी लावलेलं ओबीडी डोंगल तसंच राहिलं नाही ना? तेही रात्रभर करंट ओढतं.

बॅटरी बदलायची वेळ आली तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो म्हणतात. मग जुनी घ्यावीच कशाला?

अख्खी बॅटरी बदलण्याची वेळ लोक समजतात तितक्या वेळा येत नाही. लीफच्या पहिल्या बॅटरीत ४८ मॉड्यूल, म्हणजे सेलचे गट, असतात आणि पुष्कळदा त्यांतलं एखाददुसरंच कमजोर असतं. बॅटरी भरलेली असताना सगळे सेल सारखेच दिसतात; चार्ज २० टक्क्यांच्या खाली आणून चढावर ॲक्सिलरेटर दाबला की कमजोर सेलचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा झपकन खाली येतो. ॲपवर हे डोळ्यांनी दिसतं. तेवढं मॉड्यूल बदलता येतं, मात्र बदली मॉड्यूल इतरांच्याच वयाचं, साधारण तेवढ्याच क्षमतेचं हवं.

बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. ती किती उरलीय आणि नव्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या. रेनो झोई असेल तर बॅटरी भाड्याची नाही ना, हे आधी विचारा. काही झोई तशाच विकल्या गेल्या आणि ते भाडं पुढच्या मालकाच्या गळ्यात येतं. उलट शेव्हरले बोल्टच्या मोठ्या रिकॉलमध्ये अनेक जुन्या गाड्यांना नवी बॅटरी मिळाली. अशी गाडी मी डोळे मिटून नाही, पण आनंदाने बघेन.

ऑइल नाही, क्लच नाही. मग वर्षाचा मेंटेनन्स शून्यच धरू ना?

शून्य धरलात तर पहिल्याच वर्षी हिशेब चुकेल. गाडी जड आणि टॉर्क दांडगा, त्यामुळे टायर लवकर संपतात. बीएमडब्ल्यू आय३ चे अरुंद १९ इंची टायर तर मोजक्याच कंपन्या बनवतात. ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत, कारण गाडी बहुतेक वेळा मोटरनेच थांबते; पण वापर नसल्याने डिस्कला गंज धरतो आणि कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) अडकतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक मारत जा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. बॅटरीचा कूलंट कंपनी सांगेल तोच, तिने दिलेल्या मुदतीत.

एसीचं काम कुठेही करून घेऊ नका. बऱ्याच गाड्यांत तोच कॉम्प्रेसर बॅटरीही थंड ठेवतो आणि तो थेट मोठ्या बॅटरीच्या व्होल्टेजवर चालतो. त्यात वीज न वाहून नेणारं पीओई तेल लागतं. नेहमीचं पीएजी तेल गेलं तर इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी चालायचंच नाकारू शकते. गॅस भरण्याआधी मेकॅनिकला तेलाचं नाव विचारा. तो अडखळला तर गाडी तशीच परत आणा.

स्क्रीन आणि ॲपचं काय?

तपासून घ्या. जुन्या टेस्ला मॉडेल एस आणि एक्समध्ये स्क्रीनची ८ जीबी मेमरी चिप सतत लिहून लिहून संपायची आणि मागचा कॅमेराही दिसेनासा व्हायचा. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० गाड्यांचा रिकॉल त्यासाठीच झाला. जुन्या मोबाइल नेटवर्कवरची ॲप ते नेटवर्क बंद झालं की कामातून जातात. शिवाय जुन्या लीफसारखा चाडेमो (फास्ट चार्जिंगच्या प्लगचा एक प्रकार) सॉकेट असेल, तर रोजच्या वाटेवर तो फास्ट चार्जर आहे का, हे व्यवहाराआधी स्वतः जाऊन प्लग लावून बघा.